पोचलो

माझं काम सांगायला सोपं आहे. साडेतीनशे किलोमीटरवरच्या एका शीतगृहात सहा कॉम्प्रेसर चालतात. प्रत्येकाच्या अंगावर सेन्सर चिकटवलेले आहेत. यंत्र किती तापतं, किती थरथरतं, ते सगळं माझ्या स्क्रीनवर दिसतं. बिघाडाची चिन्हं दिसली की त्या यंत्राची ओळ लाल होते. मी ती तपासते, बटण दाबते आणि तिथल्या टेक्निशियनच्या हातातल्या यंत्रावर संदेश जातो. तो उत्तरादाखल तीनपैकी एक बटण दाबतो: 'पाहतो', 'पोचलो', 'काम झालं'. प्रत्येक उत्तरापुढे वेळ उमटते.

तो टेक्निशियन म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ.

सेन्सर बसवायच्या आधी तिथे अकरा टेक्निशियन होते. बसवल्यावर दोन उरले, दादा आणि मास्तर. मास्तर पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून ते नाव. सेन्सर बसवणाऱ्यांत मी होते. बहीण वर बसलीय म्हणून याची नोकरी वाचली, असं बाकीचे नऊ जण दादाला तोंडावर म्हणाले. त्या दिवसापासून दादाने माझ्याशी बोलणं टाकलं. दोन वर्षं आमच्यात जे काही बोलणं झालं ते एवढंच. मी संदेश पाठवायचा, त्याने 'पाहतो' म्हणायचं.

एका सोमवारी मी दहा अठ्ठेचाळीसला संदेश पाठवला. त्याचा 'पाहतो' आला होता दहा बेचाळीसला.

घड्याळ चुकलं असेल, म्हणून मी कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्याने दोन्हीकडची घड्याळं ताडून पाहिली. सेकंदाचाही फरक नव्हता. "होतं असं कधी कधी," तो म्हणाला. ज्याचं कारण सापडत नाही त्याला आमच्या धंद्यात हेच म्हणतात.

पुढच्या आठवड्यात उत्तर अर्धा तास आधी आलं. त्यानंतरच्या बुधवारी सकाळी नऊला तीन नंबरच्या कॉम्प्रेसरसाठी 'पोचलो' दिसलं. तीन नंबर ठणठणीत होता. मी दिवसभर त्याच्याकडे बघत राहिले. दुपारी तीन वाजता ओळ लाल झाली. मी संदेश पाठवला आणि चार वाजता 'काम झालं' आलं.

मग मी दादाला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर त्याने उचलला.

"तू सकाळी नऊला कुठे होतास?"

"घरी. माझी ड्युटी दहाची." त्याचा आवाज मला वाटलं होतं त्यापेक्षा म्हातारा झाला होता. "का? आता माझ्यावरही सेन्सर लावताय का?"

"तीन नंबरसाठी 'पोचलो' कधी दाबलंस?"

"मी काही दाबलं नाही. मेसेज आला, गेलो, काम झाल्यावर एकदाच बटण दाबलं." थोडं थांबून तो म्हणाला, "दोन वर्षांनी फोन केलास तो हे विचारायला?"

मी काही बोलायच्या आत त्याने फोन ठेवला.

मंगळवारी सकाळी अकरा वीसला चार नंबरपुढे 'पोचलो' उमटलं.

चार नंबरचे सगळे आकडे नेहमीसारखे होते. संध्याकाळपर्यंत तसेच राहिले. आतापर्यंत प्रत्येक 'पोचलो' नंतर 'काम झालं' आलं होतं. या वेळी आलं नाही. मी मागच्या वेळा कागदावर लिहिल्या. आधी सहा मिनिटं, मग अर्धा तास, मग सहा तास. हिशेब चांगला नव्हता, पण पुढची पायरी दीड-दोन दिवसांची असणार, एवढं कुणालाही दिसलं असतं. म्हणजे गुरुवार.

बुधवारी सकाळी मी कागद घेऊन साहेबांकडे गेले. त्यांनी तो उलटा धरला, मग सुलटा केला.

"प्रश्नाआधी उत्तर देणारा माणूस मिळालाय आपल्याला," ते म्हणाले. "तक्रार कसली करता?"

"चार नंबर दोन दिवस बंद ठेवू या."

"आकडे काय म्हणतात?"

"आकडे ठीक आहेत."

"मग? तुमच्या आकड्यांवर आपण नऊ माणसं काढली, बाई. आता तुम्हीच म्हणता आकडे सोडा?"

त्या संध्याकाळी मी पुन्हा दादाला फोन केला. उद्या रजा घे, एवढंच म्हणाले. कारण विचारलं तेव्हा सांगता येईना. मी रडायला लागले. 

"मास्तरला विचारतो," तो म्हणाला. "त्याची सुट्टी आहे उद्या. येईल बिचारा."

मास्तर माझ्या डोक्यातच नव्हते. त्या क्षणी आले. मी काहीच बोलले नाही.

रात्री पडल्या पडल्या मी स्वतःला समजावलं, तेव्हा ते सगळं बरोबर वाटलं. कॉम्प्रेसर बिघडला तर आपोआप बंद होतो, तशी सोय आहे. यंत्रातला अमोनिया, तो विषारी वायू, सुटला तरी खोलीत कुणी नसेल तर कुणाला काही होणार नाही. माणूस तिथे जातो तो माझ्या संदेशामुळे. मी संदेश पाठवलाच नाही, तर कुणी जाणार नाही.

गुरुवारी अकरा वीसला चार नंबरची ओळ लाल झाली.

मी दोन्ही हात मांड्यांखाली घेतले आणि त्यांवर बसले. शेजारच्या टेबलावरच्या बाईने विचित्र नजरेने पाहिलं. स्क्रीनवर थरथर वाढत गेली.

अकरा सव्वीसला सगळे आकडे शून्यावर आले. यंत्र आपोआप बंद झालं होतं.

मी हात बाहेर काढले. त्यांवर खुर्चीच्या विणीचे वळ उठले होते.

अकरा चाळीसला फोन आला. मास्तर चार नंबरच्या खोलीच्या दाराशी मृत सापडले होते. ते आत शिरले आणि त्याच वेळी अमोनिया अडवणारं सील फुटलं.

चौकशी तीन आठवडे चालली. त्यात निघालं की अकरा वीसला माझ्या टेबलावरून माझ्या नावाने संदेश गेला होता. ओळ लाल झाल्यापासून दहा सेकंदांत. इतकी तत्परता त्या खात्यात कुणी दाखवली नव्हती, असं अहवालात लिहिलं होतं. त्याच्यासोबत मला कौतुकाचं पत्रही मिळालं. शेजारची बाई म्हणाली, "मला वाटलं तू हात बांधून बसली होतीस." मग तीच म्हणाली, "नसशील. मला काय कळतंय."

मी खोटं बोलले नाही. फक्त गप्प राहिले.

दादा एकदा घरी आला. खुर्चीत बसला, पाणी प्यायला. "त्याने कारणही विचारलं नाही," तो म्हणाला. "दे म्हणाला तुझी ड्युटी." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं." मी मान खाली घातली. त्याने ग्लास ठेवला आणि निघून गेला. आता तो माझ्या संदेशांना उत्तरही देत नाही. नोकरी सोडली त्याने.

महिन्याने मास्तरांची बायको कार्यालयात आली. कागदांवर सह्या करून झाल्यावर, ज्या बाईंनी संदेश पाठवला त्यांना भेटायचंय म्हणाली. मी तिला माझ्याजवळ बसवलं. बारीक अंगाची, नीट केस बांधलेली बाई होती. ती स्क्रीनकडे न बघता टेबलावरच्या फोनकडे बघत होती.

"तुमचे आभार मानायचे होते," ती म्हणाली. "तुम्ही तर वेळेत कळवलं होतंत. पुढचं आमचं नशीब."



"आदल्या संध्याकाळी मी त्यांच्याशी फोनवर बोलत होते. मध्येच दुसरा फोन आला म्हणून त्यांनी मला थांबवलं. परत बोलले तेव्हा हसत होते. म्हणाले, शहरातल्या ऑफिसातून कुणी छोटी मुलगी बोलतेय. दादाला नका पाठवू, तुम्ही जा, म्हणतेय."

मास्तरांचा नंबर माझ्याकडे कधीच नव्हता.

"त्यांना मुलांचं भारी कौतुक. नाव विचारलं म्हणे तिला. तिने सांगितलं, चिमी."

दादा मला चिमी म्हणायचा. मी शाळेत जायला लागेपर्यंत. दुसरं कुणी म्हणत नव्हतं.

"इथे लहान मुलं दिसत नाहीत," ती खोलीभर नजर फिरवत म्हणाली. "तुमची मुलगी होती का?"

मी हो म्हणाले.