तळाचा घोट

परदेशातल्या अल्पमुदतीच्या नेमणुकांमध्ये एक बरं असतं, कुणाशी जीव जडायच्या आत परतायची वेळ होते. मी इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना शिकवते. उच्चार हा माझा विषय. महिना-दीड महिना एखाद्या संस्थेत जायचं, तिथल्या मास्तर-मास्तरणींच्या जिभा वळवायच्या आणि घरी यायचं. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकवायचं काम असल्यामुळे असेल, पण मला उष्ट्याची भयंकर किळस आहे. लग्नाकार्यात मी पाण्याचा पेला उजेडात धरून बघते. सासूबाई म्हणतात, "देवधर्म काही नाही, पण सोवळं मात्र कडक!" अपवाद फक्त माझ्या चार वर्षांच्या लेकीचा, ढमीचा. तिने चिवडलेला घास, तिच्या पेल्यातलं तळाचं दूध मी उभ्या उभ्या संपवते. त्याचं कधी काही वाटलं नाही.

या वेळच्या संस्थेत वर्गाला ओल्या फडक्याचा वास होता. खिडक्या रंगाने चिकटून बसलेल्या, त्यामुळे तो वास आतच फिरायचा. माझे विद्यार्थी चाळिशी-पन्नाशीचे शिक्षक. वागायला नम्र, पण उच्चार असे की कानांत बोळे घालावेत. मी एक वाक्य म्हणायचे, ते माझ्यामागून म्हणायचे, मी टेबलावरच्या पेल्यातलं घोटभर पाणी प्यायचे आणि पुन्हा तेच वाक्य. त्यांचे डोळे माझ्या ओठांवर खिळलेले असायचे. कोपऱ्यांत थुंकी साचलेली ती उघडी तोंडं बघून मला दुपारचं जेवण जायचं नाही.

पहिल्याच आठवड्यात एकदा चष्म्याची डबी विसरले म्हणून वर्गात परत गेले. ते सगळे टेबलापाशी रांगेत उभे होते. माझा अर्धा उरलेला पेला हातोहात फिरत होता. जो तो काठाला ओठ लावायचा, थेंबभर पाणी तोंडात घोळवायचा, गिळायचा आणि पेला पुढे द्यायचा. कुणी हसत नव्हतं. काठावर जिथे माझ्या ओठांच्या लालीचा ठसा होता, नेमकी तीच जागा प्रत्येक जण शोधत होता.

मी तडक संचालकबाईंकडे गेले. उष्ट्याला इंग्रजीत धड शब्द नाही. मी हातवारे करून सांगितलं, "ते माझ्या तोंडचं पाणी आहे हो!"

"म्हणूनच तर," त्या म्हणाल्या. "नुसत्या कानाने जीभ वळत नाही. आधीच्या तज्ज्ञांनीही सुरुवातीला नाक मुरडलं होतं."

"आणि नंतर?"

"नंतर ते फार बोलत नसत."

दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाचे उच्चार स्वच्छ झाले होते. इतकंच नाही, अवघड शब्दाआधी मी जीभ टाळूला लावून बारीक 'टक्' करते, तसं सगळ्यांनी केलं. माझ्या मात्र तोंडात ते शब्द बेचव झाले, चघळून टाकलेल्या चोथ्यासारखे. मी बुद्धिवादी बाई आहे. हवापाण्याचा परिणाम म्हणून सोडून दिलं. तरी मी स्वतःची बाटली आणू लागले आणि तिच्यात थेंबही मागे ठेवेना. आता वर्ग माझ्या ओठांऐवजी बाटलीकडे बघायचा.

माझी मधली सुट्टी म्हणजे घरी ढमीची झोपायची वेळ. शेपटी विसरलेल्या खारीची गोष्ट मी फोनवर सांगायची, तरच ती डोळे मिटायची. नवरा म्हणायचा, "अगं, मी सांगितली तर ऐकतच नाही. तुझाच आवाज पाहिजे म्हणते." परमुलुखात तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

एकदा शिक्षकांच्या खोलीत चहा घेत गोष्ट सांगत होते. आवाज तुटायला लागला म्हणून फोन घेऊन जिन्यात गेले. कप तिथेच राहिला.

परत आले तेव्हा संचालकबाई मान मागे टाकून उभ्या होत्या. कप तोंडावर उपडा. जाड, पांढुरकी जीभ बाहेर काढून त्या शेवटच्या थेंबाची वाट बघत होत्या. थेंब पडला. त्यांनी ओठ चाटले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मग काय झालं, खारूताई शेपटीच विसरली!"

मराठीत. माझ्या आवाजात. फक्त ढमीसाठी ठेवलेल्या त्या लाडिक आवाजात.

मी मोरीत जाऊन भडाभडा ओकले.

दुसऱ्या दिवशी फोनवर गोष्ट सुरू केली. ढमी रडायलाच लागली. "बाबा, ही आई नाहीये. आईला फोन दे ना."

नवरा हसला. मग माझं बोलणं ऐकून त्याने विचारलं, "कोण बोलतंय?"

काम अर्धवट टाकून मी घरी आले. डॉक्टरांनी घसा तपासला. "सगळं ठणठणीत आहे," म्हणाले. पण बोलले की रंग उडालेल्या कापडासारखं काहीतरी बाहेर यायचं. ढमी मांडीवर यायची, मला बिलगायची. मी तोंड उघडलं की ओठांवर आपला तळहात दाबायची.

"आई, तू बोलू नको."

मला दुसरं काही नको होतं. तिला एकदा ती गोष्ट सांगायची होती, बस.

त्या सकाळी तिचं दूध पिऊन झालं होतं. पेला ओट्यावर होता. तळाशी कोमट घोट, त्यात भिजलेला बिस्किटाचा चुरा. मी सवयीने उचलला आणि संपवला.

घसा मोकळा झाला.

"खालूताई शेपती विशलली," मी म्हणाले.

गोड. बोबडं. लख्ख.

बाहेरच्या खोलीतून नवरा हसत म्हणाला, "काय गं ढमे, आज सकाळी सकाळीच गोष्ट?"

ढमी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ओठ हलवले. आवाज आला नाही. पुन्हा हलवले. मग गळ्यावर हात ठेवून ती माझ्या हातातल्या पेल्याकडे बघत राहिली.

मला माझीच शिसारी आली. पेला खाली ठेवायला हवा होता.

काठाला अजून थोडी साय चिकटलेली होती. ती मी जिभेने पुसून घेतली.