साडेचारची साथ

त्या लिफ्टमध्ये एका वेळी दोनच माणसांना परवानगी होती, आणि तीही एकमेकांकडे पाठ करून. जमिनीवर पिवळ्या पावलांचे दोन जोड चिकटवले होते. एका जोडाचं तोंड या भिंतीकडे, दुसऱ्याचं त्या भिंतीकडे. मी माझ्या पावलांवर उभी राहिले, दार मिटत होतं, तेवढ्यात कुणीतरी धावत आत शिरलं आणि माझ्या पाठीमागे जाऊन उभं राहिलं.

"तिसरा?" मागून आवाज आला.

"तिसरा."

"नकाशावाले?"

"वाली."

"मग मी तुमच्याकडेच निघालोय. माझी चिठ्ठी वाचता येत नाही अशी तक्रार आहे म्हणे. एक की नऊ ते कळत नाही."

"ते अक्षर तुमचं?"

"अक्षर माझंच. दोष पेनाचा."

"आणि पेन कुणाचं?"

"…तेही माझंच."

लिफ्ट आमची जुनी, वर चढताना दम लागायचा तिला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणाले, "पाठीला पाठ लावून आलेली भावंडं असतात म्हणे."

"तेवढं एक सोडून काहीही म्हणा," तो म्हणाला.

दार उघडलं. आम्ही दोघंही एकदमच वळलो. मास्कच्या वर फक्त डोळे दिसत होते, आणि ते हसत होते. मी लाजले.

ही गोष्ट सांगते तेव्हा लोक इथपर्यंत छान हसतात. पुढे मला लाजच वाटते, पण ती ही लाज नव्हे. मराठीत दोन्हीला एकच शब्द आहे, हे माझं नशीब.

आमचं कार्यालय नऊ देशांचं मिळून होतं. दारावर पाटी होती 'साथ कक्ष'. कुठल्या देशात किती नवे रुग्ण सापडले, हे तो दुसऱ्या मजल्यावरून दुपारभर फोन करून विचारायचा आणि चिठ्ठीवर लिहायचा. मी तिसऱ्या मजल्यावर ते आकडे तक्त्यात भरून नकाशा रंगवायचे. शून्याला हिरवा, मग पिवळा, नारिंगी, लाल. पाच वाजता नकाशा नऊ देशांना जायचा, आणि त्यावर ठरायचं की औषधं कुठे, ऑक्सिजन कुठे, प्रवाशांची बोट कुठे सोडायची आणि कुठे नाही.

देशांना आम्ही घरातली नावं ठेवली होती. सगळ्यात मोठा देश म्हणजे थोरली जाऊ, कारण तिथले साहेब उत्तर द्यायचे तेही उपकार केल्यासारखे. सगळ्यात छोटं बेट म्हणजे शेंडेफळ. तिथली लाइन लागायला अर्धा अर्धा तास जायचा, म्हणून त्याचा फोन सगळ्यात शेवटी, साडेचारला. एक-की-नऊ, म्हणजे तो, हे नाव मी मनातल्या मनात ठेवलेलं, स्वतः त्या बेटावरचाच. त्याची आई इथे त्याच्याजवळ राहायची, बहीण तिकडेच दिलेली.

लिफ्टच्या प्रसंगानंतर आठवड्यात लिफ्ट बंदच केली. मग चिठ्ठी जिन्यातून यायला लागली. दोन मजल्यांच्या मधल्या खिडकीपाशी तो चिठ्ठी ठेवायचा, चार पायऱ्या खाली उतरायचा, आणि मी वरून येऊन ती उचलायची. नियम तसा होता. नियमात हे मात्र कुठे नव्हतं की चिठ्ठी उचलल्यावर मी तिथेच थांबायचं, आणि त्याने दोन कप चहा आणून एक खिडकीत ठेवायचा.

"साथ कक्षात नोकरी करायची आणि कुणाला साथ द्यायची नाही, हे बरं दिसत नाही," तो म्हणाला.

"आम्ही साथ मोजतो. देत नाही."

"मोजा की. रोज एक कप."

मी पण कमी नव्हते. एक दिवस मी फुशारकी मारली, "तुमच्या फोनांवाचून आमचं अडत नाही हं. शेंडेफळ मला थेट मेल पाठवतं." खरं तर असा मेल एकदाच आला होता, तोही चुकून. त्याला वाटलं, अरे वा, केवढी मोठी बाई ही. मला तेच हवं होतं.

मग एका चिठ्ठीवर आठ आकडे आले आणि शेवटच्या ओळीत नुसती आडवी रेघ.

एक की नऊ हे मी त्याला दहा वेळा विचारलं असेल, पण ही रेघ काय, हे विचारलं नाही. कारण त्या दिवशी त्याने चहा पिताना मास्क खाली केला आणि मी पहिल्यांदा त्याचं पूर्ण हसू पाहिलं. डाव्या बाजूला जरा जास्त वर जाणारं. मी तरंगतच वर आले, तेव्हा पाचला सात मिनिटं होती.

तक्त्यात रेघ चालायची नाही. घर रिकामं सोडलं तर तो देश नकाशावर पांढरा राहायचा. मागे एकदा असा राहिला होता तेव्हा कक्षाच्या प्रमुख मॅडम भर बैठकीत म्हणाल्या होत्या, "नकाशाचा दात पडलाय का?" आणि सगळे माझ्याकडे बघून हसले होते. ते हसणं मला नको होतं. मी शून्य टाकलं. म्हटलं, उद्या खरा आकडा आला की बदलू. शेंडेफळ हिरवंगार झालं.

दुसऱ्या दिवशीही रेघच आली, आणि तिसऱ्या दिवशीही. जिन्यातला चहा मात्र लांबत चालला होता.

चौथ्या दिवशी त्याने विचारलं, "एक सल्ला हवाय. ताईचे दिवस भरत आलेत. आई म्हणतेय, मी बाळंतपणाला जाते. बोट सुरू आहे. जाऊ देऊ का? तुमचा नकाशा काय म्हणतो?"

तेव्हा सांगता आलं असतं. अहो, ते शून्य मी टाकलंय, मला काही माहीत नाही, इतकंच. पण मग मोठी बाई कुठे राहिली असती? आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट मनात आली. आई घरी असते म्हणून हा पाचच्या ठोक्याला पळतो. ती गेली, तर कदाचित… हलकट विचार होता. तो आला हे मला कळलं, आणि तरीही मी म्हणाले,

"हिरवागार आहे. खुशाल जाऊ दे."

त्या वाक्यात मी पहिल्यांदा त्याला 'तुम्ही'वरून खाली आणलं. त्याच्या ते लगेच लक्षात आलं. "जाऊ दे?" तो म्हणाला. "बरं. तू म्हणतेस तर."

त्यानंतरचे पाच-सहा दिवस मी आयुष्यात इतकी सुखी कधी नव्हते, हेही सांगून टाकते. संध्याकाळी आम्ही एकाच रस्त्याने घरी जायचो. तो या फुटपाथवर, मी त्या. मध्ये रिकामा रस्ता, दुकानांची शटरं खाली, आणि दोघांच्या कानाला फोन.

"पलीकडून एक मुलगी चाललीय," तो सांगायचा. "छान दिसते."

"तिला सांगू का तसं?"

"नको. डोक्यावर बसेल."

"बसलीच आहे. तुला आत्ता कळतंय?"

"कळलं होतं… पण उतरवायची इच्छा होत नाहीये."

वळणावर तो हात वर करायचा आणि मी बघितलं न बघितलंसं करायचे. घरी माझी आई म्हणायची, हल्ली तुझा पाय जमिनीवर नाही.

अकराव्या दिवशी जिन्यात चहा एकच कप आला, माझा. तो भिंतीला टेकून उभा होता.

"आईला ताप आहे," तो म्हणाला. "चार दिवस झाले म्हणे. ताईने मला कळवलं नाही. आज दवाखान्यात नेलं."

"साधा असेल," मी म्हणाले. "पावसापाण्याचा."

"हो. तिकडे कुठे साथ आहे."

मी मान डोलावली. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही असं म्हणायला बरं वाटेल, पण शब्द फुटला होता, 'साधा असेल' हा. त्या रात्री मी जेवले, झोपलेसुद्धा.

बाराव्या दिवशी सकाळी मॅडमच्या टेबलावर बेटावरच्या डॉक्टरांचं पत्र आलं. त्यांनी ते बैठकीत वाचून दाखवलं, चारच ओळी होत्या. आमच्याकडे एकशे बेचाळीस रुग्ण आहेत. खाटा संपल्या. तुमच्या नकाशावर आम्ही हिरवे दिसतो, म्हणून ऑक्सिजनची बोट आमच्या समोरून पुढच्या देशाला गेली. आमचं काय चुकलं ते कळवावं.

मॅडम म्हणाल्या, "हे शून्य आलं कुठून? खाली फोनवर कोण आहे?"

सगळे त्याचं नाव घेणार हे मला दिसत होतं. मी उठले आणि कुणाला काही न सांगता जिना उतरले. खिडकीपाशी थांबले नाही, चार पायऱ्यांचं अंतरही ठेवलं नाही. थेट त्याच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. तो दवाखान्याचा नंबर फिरवत होता.

"फोन ठेव," मी म्हणाले. "मला बोलायचंय. मध्ये थांबवू नकोस, नाहीतर पुन्हा जमायचं नाही. ते शून्य मी टाकलं होतं. तुझ्या चिठ्ठीवर रेघ असायची. रिकामं ठेवलं तर लोक हसतील म्हणून मी शून्य टाकलं. अकरा दिवस. तू विचारलंस तेव्हा मला काहीही माहीत नव्हतं, आणि मी म्हणाले, जाऊ दे. आणि… मला वाटलं, आई गेल्या तर तू माझ्यासोबत चालशील."

आता तो ओरडेल, मी तयार होते. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मेल?" तो म्हणाला. "तुला थेट मेल येतो ना?"

"एकदाच आला होता. मी बढाई मारली होती."

त्याने रिसीव्हर जागेवर ठेवला. मग टेबलावरच्या फोनकडे बोट दाखवलं.

"ती रेघ कशाची होती, माहितीय? मला वाटायचं, लाइन लागत नाही असं तू समजत असशील. तसं काही नव्हतं. मी शेंडेफळाला फोनच लावला नाही. अकरा दिवस." त्याचा आवाज खाली खाली चालला होता. "अर्धा तास लागतो तिथे. आणि साडेचारला तू जिन्यात यायचीस… पाचच्या आत वर जायचीस. तेवढाच अर्धा तास मिळायचा मला. म्हटलं, हिला मेल येतोच. आपल्या फोनाने काय अडतंय. संध्याकाळी नकाशा हिरवा दिसला की मला बरंच वाटायचं. माझं स्वतःचं गाव. तिथे माझी आई पाठवली मी."

कुणाही मुलीला ऐकावंसं वाटेल असं ते होतं. एक मुलगा माझ्यासाठी रोज अर्धा तास चोरत होता. असं मला आयुष्यात पहिल्यांदा कुणी सांगत होतं, आणि मला वाटत होतं, याने मला कधी पाहिलंच नसतं तर बरं झालं असतं.

मी त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने काढून घेतला नाही, धरलाही नाही.

"चल वर," तो म्हणाला.

मॅडमनी दोघांचं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "पाचची वाट बघायची नाही. आत्ता फोन लाव, आत्ता रंगव." आम्ही एकाच टेबलाशी बसलो. लाइन लागायला चाळीस मिनिटं लागली. तो आकडे विचारत गेला, मी लिहीत गेले, अकरा दिवसांचे अकरा. शेवटी मी शेंडेफळ गडद लाल केलं. बोट संध्याकाळीच वळवली गेली.

नकाशाखाली दुरुस्ती छापावी लागली. ज्याची चूक त्याचं नाव, असा मॅडमचा दंडक होता. मागील अकरा दिवसांचे आकडे चुकीचे होते, या चुकीस खालील दोन कर्मचारी जबाबदार आहेत, आणि खाली आमची नावं, एकाखाली एक. इतरांची नावं अशी जोडीने पहिल्यांदा लग्नपत्रिकेत छापतात. आमची नऊ देशांत वाटली गेली. मला नकाशावरून काढून खाली त्याच्याच शेजारी, फोनवर बसवलं. एकाने लावायचा, दुसऱ्याने लिहायचं. चहा बंद. कामाव्यतिरिक्त आम्ही बोलत नव्हतो. भांडण असं काही नव्हतं, बोलायला तोंड नव्हतं.

त्याची आई सतरा दिवस ऑक्सिजनवर होती. अठराव्या दिवशी दुपारी आमच्या टेबलावरचा फोन वाजला. ताईच्या फोनवरून त्या बोलत होत्या. आवाज इतका बारीक की त्याने स्पीकर लावला.

"बाळ बरं आहे," त्या म्हणाल्या. "मीही आहे. दुरुस्ती वाचली तुमची. इथल्या डॉक्टरांनी दाखवली. त्यात दोन नावं आहेत. एक तू. दुसरी कोण?"

त्याने माझ्याकडे बघितलं. अठरा दिवसांत पहिल्यांदा सरळ बघितलं.

"आई… जिच्याशी मला लग्न करायचंय, ती."

मी पेन खाली ठेवलं. त्या बोलल्या तेव्हा एकेका शब्दाला थांबत बोलल्या.

"माझं सोड. तुम्ही लाल म्हणाला असता तरी मी आले असते, माझ्या लेकीचं बाळंतपण होतं. पण माझ्या बाजूच्या खाटेवर एक बाई होती. ऑक्सिजन येईपर्यंत टिकली नाही. मी माझ्या मर्जीने आले, तिला कुणी विचारलंही नव्हतं. दोघं इकडे या. तिच्या घरी जा. काय झालं ते तोंडाने सांगा, कागदाने नाही. मग बघू लग्नाचं."

"येतो," तो म्हणाला.

"तिला म्हणू दे."

मी फोनच्या जवळ झाले. "येते," मी म्हणाले. "बोट सुरू झाली की पहिल्या बोटीने."

त्यांनी फोन ठेवला. त्याचा हात हळूच माझ्या हाताशी आला, आणि या वेळी त्याने तो धरला. त्या घराच्या दारात उभं राहून काय बोलायचं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. पण त्या 'मग बघू' म्हणाल्या होत्या, 'नाही' म्हणाल्या नव्हत्या. तेवढ्यावर मला आनंद झाला, आणि त्या आनंदाचीही मला लाज वाटली.