नळाच्या तोंडाशी

इतिहासाचं संशोधन म्हणजे पंख्याखाली बसून जुने कागद उलटणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी शेहेचाळीस सालच्या उन्हाळ्यात सहादेव गाडेला बघायला हवं होतं. पुण्याच्या कॉलेजातला हा पोरगा एम.ए.च्या प्रबंधासाठी केडगावच्या माळावर डोक्याला पंचा गुंडाळून, पायात बूट घालून वणवण करत होता. निजामशाहीत नगर शहराला पाणी पुरवणारे जमिनीखालचे नळ हा त्याचा विषय. त्यातला एक नळ माळावरच्या पडक्या हौदापाशी सुरू होतो, असं सगळे धरून चालत. सहादेवचं म्हणणं, तो त्याही मागून, पार टेकडीपासून येतो. प्राध्यापकांनी चष्म्यावरून बघत एवढंच विचारलं होतं, "पुरावा कुठाय?" प्रबंध महिनाअखेर द्यायचा होता आणि पुराव्याच्या नावानं सगळा आनंद होता.

म्हणून त्यानं सत्तारला गाठलं. सत्तारचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या या नळांतला गाळ काढत आलेलं. आता नळ कधीचे कोरडे पडले होते, पण आत उतरायची हिंमत असलेला माणूस तोच. नळ म्हणजे ओणवं होऊन जाता येईल एवढं भुयार. हवा खेळावी म्हणून त्याला मधूनमधून विहिरीसारखी उभी भोकं ठेवलेली. लोक त्यांना नुसतं 'तोंड' म्हणत.

हौदाजवळच्या तोंडाशी सत्तारनं चपला काढून ठेवल्या. आत जाणाऱ्यानं चपला काठावर ठेवायच्या, वर एकानं बसायचं आणि सारखं विचारत राहायचं, "हाय का?" खालच्यानं म्हणायचं, "हाय." ही त्यांची रीत. सहादेवला ती इतकी आवडली की प्रबंधात तळटीप म्हणून घालायचं त्यानं तिथल्या तिथं ठरवून टाकलं. शिकलेल्या माणसाचं हे असं असतं.

"मास्तर, मी वर येईस्तवर हितनं हलायचं न्हाई," सत्तार म्हणाला. "पानी प्यायलाबी न्हाई."

"सत्तारभाई, मी कशाला हलतोय?"

"माज्या आजाचा भाऊ असाच गेल्ता. वरचा मानूस भाकर खायाला उठला."

"मग?"

"मग काय... चपला ऱ्हायल्या."

एवढं बोलून तो कंदील घेऊन उतरला. दुपार टळटळीत होती. माळावर चिटपाखरू नव्हतं. सहादेव विचारत होता, "हाय का?" आणि खालून येत होतं, "हाय." आवाज लांब लांब गेला, बारीक झाला, आणि बंद पडला.

मग तोच आवाज पाठीमागून आला.

टेकडीच्या बाजूला, हौदापासून बऱ्याच अंतरावर, काट्याकुट्यांनी बुजलेला एक खड्डा होता. सहादेव त्याला नळाचं तोंड म्हणायचा आणि लोक हसायचे. त्याच खड्ड्यातून स्वच्छ ऐकू आलं, "हाय."

हाच तो पुरावा. सहादेवचं भान सुटलं. तो उठला आणि धावला. खड्ड्यावर वाकून त्यानं विचारलं, "हाय का?" उत्तर आणखी पुढून आलं. तो पुढं धावला. हसत होता, वेड्यासारखा हातवारे करत होता. टेकडीच्या पायथ्याशी पोचला तेव्हा त्याला इतका दम लागला होता की त्याच्यानं हाकच मारवेना. हाक मारली नव्हती, तरी पायाखालून आलं, "हाय."

आपण उठलो, हे त्याला तेव्हा आठवलं.

तो पडत-धडपडत परत आला. चपला होत्या तशाच होत्या. "सत्तारभाई... वर या. पुरे झालं."

"हाय," अगदी जवळून आलं.

"दोर सोडलाय. धरा."

"हाय."

त्याखेरीज एक शब्द नाही. आता पुन्हा हलायचं नाही, मग सहादेव गावात जाऊन कुणाला बोलावणार तरी कसा? जागेवरूनच घसा फोडून त्यानं वाटेनं चाललेल्या, गावातल्याच पुंजारामला हाक मारली. पुंजाराम दोर धरून उतरला आणि लगेच वर आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तळाशी सत्तारचा कंदील जळत होता. पण भुयार दोन्ही बाजूंनी हाताच्या अंतरावर दगडमातीनं गच्च भरलेलं होतं आणि त्या मातीत झाडाची जुनी मुळं रुतली होती. "मास्तर, हितनं मांजर जायाचं न्हाई," तो म्हणाला.

पोलीस आले, सहादेवनं आपण उठल्याचं कबूल केलं, ते पंचनामा करून गेले. लोकांनी खणून पाहिलं; आत माती आणि मातीच. सत्तारची बायको चांदबी मात्र तोंडावर वाकून बराच वेळ ऐकत राहिली.

"आवाज त्यांचाच हाय," ती म्हणाली. "तुमी उठला म्हनून गेलं ते. आता तुमीच आना. उठू नका."

सहादेव उठला नाही. चांदबी भाकरी तिथंच आणून देई. अंगात ताप भरला, ओठ फुटले, तरी तो विचारत राहिला आणि खालून उत्तर येत राहिलं. महिनाअखेर आली आणि गेली. नळ टेकडीपासूनच येतो हे आता जगात त्याला एकट्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. सत्तार वर यावा, एवढंच मागणं उरलं होतं. कधी कधी तो काठावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडे.

एका संध्याकाळी त्याचा घसा पार बसला. ओठ हलले, आवाज फुटेना. माळावर वारा पडला होता. हाक चुकली.

खालून सत्तारनं विचारलं, "हाय का?"

इतके दिवस त्या आवाजानं काही विचारलं नव्हतं. चांदबी भाकरीचं फडकं तसंच हातात धरून उभी होती. ती पुटपुटली, "बोला ना, मास्तर... ते जातील."

सगळा जीव गोळा करून तो म्हणाला, "हाय."

खाली कुणीतरी सुस्कारा टाकला. मग सत्तार बोलला, अगदी मायेनं, घाबरलेल्याला धीर द्यावा तसा. "भिऊ नका, मास्तर. तुमी वर येईस्तवर मी हितनं हलत न्हाई."

सहादेवनं खाली आपल्या पायांकडे पाहिलं. माळ उन्हानं भाजून निघाला होता, थेंबभर पाणी कुठं नव्हतं. पायात बूट नव्हते; त्यानं कधी काढले नव्हते, तरी ते काठावर सत्तारच्या चपलांशेजारी ठेवलेले होते, आणि पाय घोट्यापर्यंत ओल्या, थंड गाळानं माखले होते.