काचेच्या अलीकडे

"अवो मापाडी, पाय मागं घ्या. तुमचं वजन आमच्या कांद्यात नको."

घोडेगावच्या मार्केटात मनकर्णा माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती अशी. गोणी काट्यावर चढवताना माझा पाय नकळत तिथंच राहिला होता. त्यात फायदा तिच्या वडिलांचाच होता. तरी ती बोलली. वडील तिच्याकडे रागानं बघत राहिले, आणि मी... मीही बघतच राहिलो.

"पाय काढला की गोणी हलकी व्हईल," मी म्हणालो.

"व्हऊ द्या. का तुमाला कांद्यासंगं इकून घ्यायचंय?"

"घेनारं कोन हाय त्यावर हाय."

ती हसली नाही. पण पुढच्या खेपेला वडिलांबरोबर पुन्हा आली, आणि माझ्याच काट्यापाशी उभी राहिली. वर्षभरानं आमचं लग्न झालं.

मूलबाळ झालं नाही. सव्वीस वर्षं आम्ही दोघंच होतो. मग तिच्या हृदयाचा जोर कमी झाला. अंगण झाडतानाच दम लागायचा. एका आठवड्यात तिचं वजन चार किलो वाढलं तेव्हा मी खूश झालो. "अंगावर आलीस," म्हणालो. नगरच्या दवाखान्यात अरफा डॉक्टरांनी तिच्या पायावर बोट दाबून पडलेला खड्डा दाखवला. ते अंग नव्हतं, पाणी होतं. जन्मभर वजनं करणाऱ्या मला ते कळलं नाही.

त्यानंतर रोज सकाळी वजन. दिवसाला एक लिटर पाणी, तेही मी मोजून द्यायचो.

"मापाड्याशी लगीन केलं, भोगते," म्हणायची आणि अर्धा घोट जास्त मागायची. मी द्यायचो नाही.

या श्रावणात तिला तिसऱ्यांदा ॲडमिट केलं. औषधांनी पाणी उतरेना. आडवं पडलं की ती गुदमरायची. चौथ्या दिवशी सिस्टर वजन करायला आल्याच नाहीत. मी विचारायला गेलो, तर अरफा डॉक्टरांनी मला बाकावर बसवलं.

"काका, हृदय आता सुधारणार नाही. श्वासाचं मशीन लावलं तर कदाचित काही दिवस मिळतील, पण आयसीयूत. तुम्ही काचेबाहेर. नाहीतर वॉर्डातच ठेवू, घुसमट कमी करायचं औषध देऊ, आणि तुम्ही जवळ बसा. मनकर्णामावशींनी त्यांना काय हवंय ते मला सांगितलंय. तुम्ही बोलून घ्या."

सांगितलं होतं... मला नाही, डॉक्टरांना! मी रागानंच आत गेलो.

"मशीन लावू," म्हणालो. "चार दिस तर चार दिस."

"कुनाला चार दिस?"

"मला."

ती दम घेत थांबली. "तुमी बाहेर... मी आत, नळी घालून. बोलता बी येनार न्हाई. असले दिस घेऊन काय करता?"

"मग मी न्हाई म्हनू मशीनला? मीच?"

"तुमीच. माझं दुसरं कोन हाय?"

मी तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. मग बाहेर जाऊन डॉक्टरांना सांगितलं, इथंच राहू द्या. मशीन नको म्हणून सही केली.

औषधानं संध्याकाळपर्यंत तिची घुसमट कमी झाली. पाण्याचं बंधनही उठलं. मी तिला बशीतून चहा पाजला. तिला आडवं होता येत नव्हतं, म्हणून मी कॉटवर तिच्या मागं बसलो आणि तिला छातीशी टेकवून घेतलं. वॉर्डातल्या बायका बघत होत्या. बघू दे, म्हटलं.

"मनकर्णे... एक सांगायचं हुतं."

"सांगा की."

"मला तू लई आवडती. पहिल्यापासून."

"काय?"

"ऐकलंस तू."

"मी ऐकलं वो. पल्याडच्या कॉटवर मालनबाईंना न्हाई ऐकू आलं. मोठ्यानं बोला."

मी मोठ्यानं बोललो.

"आलं, ऐकू आलं," मालनबाई म्हणाल्या. "समद्यांना आलं."

मनकर्णा हसली. ते हसणं मला माझ्या छातीवर जाणवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ती गेली. तिची पाठ मला टेकलेली होती, त्यामुळे श्वास थांबला तो आधी मला कळला. सिस्टरांना मी सांगितलं.