धावपट्टी मोकळी आहे

अमचुरासाठी कैरी कोय धरायच्या आत उतरवावी लागते. साल काढायची, पातळ फोडी करायच्या, कडक ऊन लागेल अशा सपाट जागी चादरीवर पसरायच्या. मलिहाबादच्या बाजूला मे महिन्यात सपाट जागा म्हणजे गच्ची, सडक आणि आमच्या फ्लाइंग क्लबची धावपट्टी. दुपारी उड्डाणं थांबली की बागांमधल्या बायका चादरी घेऊन येतात. क्लब काणाडोळा करतो.

*

फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखांच्या मागच्या कडेला खाली सोडलेल्या झडपा, कधीही एकदम वर घ्यायचे नाहीत. पंखाखालचा आधार जातो, विमान खाली बसतं. एक टप्पा, थांबायचं, मग दुसरा.

*

माझी धाकटी बहीण जुई मराठीत बोललेल्याला हिंदीत उत्तर देते.

"दार लाव गं, मी निघाले."

"हाँ दीदी. और ज़िंदा लौटना, मम्मी की डाँट मैं अकेली नहीं खाऊँगी."

*

जानेवारीत वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या आमच्या गॅलरीतून धुक्यामुळे समोरची बिल्डिंग दिसत नाही.

*

त्या जानेवारीत, धुकं उठल्यावर, मी पहिल्यांदा एकटी उडाले.

शिकवणारे निरंजन सर मूळचे साताऱ्याचे, हवाई दलातून निवृत्त झालेले. इतरांशी हिंदीत बोलायचे. माझ्याशी मराठीत, आणि रागावले की अस्सल साताऱ्याच्या मराठीत. शेजारच्या सीटवरून उतरताना त्यांनी पट्टा बांधून ठेवला, दार दाबून पाहिलं आणि म्हणाले, "एक चक्कर, एक लँडिंग. शंका आली तर वर जायचं. का गेलीस ते मी नंतर विचारीन, आधी नाही."

एवढाच आमचा करार होता.

ते धावपट्टीच्या कडेला गवतात, जीपपाशी, हातातला रेडिओ घेऊन उभे राहिले. एका माणसाच्या वजनाने विमान हलकं झालं होतं. लवकर उचललं गेलं. खाली आंब्यांच्या बागा, काळसर हिरव्या, ओल्या. पश्चिमेला धुक्याची एक पट्टी अजून जमिनीला धरून होती. मी वळले, पुन्हा वळले, धावपट्टी समोर आली. वेग बरोबर. उंची बरोबर.

धावपट्टीवर पांढरं काहीतरी होतं.

चादरी. त्यांच्या कडेने ओळीत बसलेल्या बायका, डोक्यावर पदर, माना खाली. हात चालत होते.

थ्रॉटल पूर्ण आत, इंजिनाला पूर्ण जोर. नाक क्षितिजावर. फ्लॅप एक टप्पा. थांब. वेग येऊ दे. मग दुसरा.

"नेत्रा, काय झालं?" करार मोडून सरांनी विचारलं.

"सर, धावपट्टीवर बायका आहेत. कैऱ्या चिरतायत."

"जानेवारीत?"

कैरी सोडा, अजून मोहोरही आला नव्हता.

"ऊन आहे समोर. चकाकलं असेल," ते म्हणाले. "मी चालून बघतो. तू चक्कर पुरी कर."

मी चक्कर घेतली. बागांवर विमानाची सावली नीट पडत होती. तेलाचा दाब, तापमान, इंधन, सगळं मोठ्याने वाचलं. आवाज माझाच होता. सरांचा आवाज आला, "सगळी पालथी घातली. कुत्रंसुद्धा नाही. मी गवतात आलोय, जीपपाशी. धावपट्टी मोकळी आहे."

मी शेवटच्या उतारावर आले. बायका होत्या. आता फोडी दिसत होत्या, ओल्या, हिरवट पांढऱ्या. आणि चादरीच्या मधोमध सर उभे होते. त्यांचं खाकी जॅकेट, टोपी. एक बाई त्यांच्या बुटांभोवतीच्या फोडी हाताने बाजूला सारत होती. जेवायला बसलेल्यांमधून कुणी पाहुणा चालत आला की ताट सरकवतात, तशी.

थ्रॉटल. नाक. एक टप्पा. थांब.

"आता काय?" सर म्हणाले. "ओवाळतेयस का धावपट्टीला?"

"सर, तुम्ही मध्ये उभे आहात."

"मी जीपला टेकून उभा आहे, पोरी."

जीप दिसत होती. तिला कुणी टेकलेलं नव्हतं.

पश्चिमेची धुक्याची पट्टी बागांवर चढली होती. सरांनाही ती दिसली असावी. "धुकं परततंय. या खेपेला उतरली नाहीस तर तुला अमौसीला वळवावं लागेल, आणि मोठ्या विमानतळावर असं शिकाऊ पाखरू उतरलं की तुझं-माझं दोघांचं लायसन्स खुंटीला. डोळ्यांचं ऐकू नकोस. माझं ऐक."

दोन वर्षं मी त्यांचंच ऐकत आले होते. त्यांचं ऐकून उतरले आणि डोळे खरे निघाले, तर पुढच्या चाकाखाली तेच येणार होते.

तिसऱ्या खेपेला सर खाली बसले होते. ओळीत, मांडी घालून. हातात सुरी.

"धावपट्टी मोकळी आहे," रेडिओवर त्यांचाच आवाज. शांत.

थ्रॉटल. नाक. एक टप्पा.

"सर, उठा."

"काय?"

"तुम्ही बसलाय. उठा. तुम्ही उठेपर्यंत मी उतरणार नाही. अमौसीलाही जाणार नाही. इंधन असेपर्यंत वरून जात राहीन."

रेडिओ खरखरला.

मग, वेगळ्याच आवाजात, "नेत्रा, जीप कुठे गेली गं?"

"तुमच्या डावीकडे."

"इथे नाहीये."

"आहे सर. मला दिसतेय. आधी उठा."

"हे थोडंच राहिलंय."

"ते तसंच टाका. उठा."

चौथ्या खेपेला मी उतरायला गेलेच नाही. धावपट्टीच्या बाजूने, गवतावरून, जितकं खाली जाता येईल तितकं गेले आणि त्यांच्या बरोबरीला आल्यावर थ्रॉटल पूर्ण दाबला.

एकाही बाईने मान वर केली नाही.

सरांनी केली.

"डावीकडे चाला," मी म्हणाले. "मागे बघू नका. चालत राहा."

वर चढले. वळले. धुकं धावपट्टीच्या टोकाला लागलं होतं.

खाली आले.

डांबर. पांढरे पट्टे. बाकी काही नाही.

चाकं टेकली.

सर जीपच्या बॉनेटला दोन्ही हातांनी धरून उभे होते. मी इंजिन बंद करून चालत गेले. ते म्हणाले, "लँडिंग चांगलं होतं." मग म्हणाले, "मी इथून हललो नव्हतो." मी हो म्हटलं. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी काळे पडले होते, कैरीच्या चिकाने पडतात तसे. पहिल्या एकट्या उड्डाणानंतर डोक्यावर बादलीभर पाणी ओततात. ती बादली जीपमागे भरून ठेवलेली होती. सरांनी तिच्यात हात बुडवले आणि घासत राहिले.

करार ठरला होता. का गेलीस, हे त्यांनी मला नंतरही विचारलं नाही.

पहिल्या खेपेला मी वरून पाहिलं, तेव्हा त्या ओळीत दोन जागा मोकळ्या होत्या आणि दोन्हींसमोर सुरी ठेवलेली होती.