फक्त लाइव्हच अटकते

“मिस्त्री कुठी हाये?” दार उघडणाऱ्यानं तिच्या खांद्यावरून रस्त्याकडं पाहत विचारलं.

“मीच.” प्रेरणानं अवजारांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

“तुमी?... वहाबभाई नाई आले?”

“चाचाची कंबर धरली. परत जाऊ का?”

“नाई नाई—” तो इतक्या घाईनं बाजूला सरला की दाराची कडी त्याच्या कोपराला लागली. प्रेरणाला हसू आलं. चप्पल काढायच्या निमित्तानं तिनं मान खाली घातली.

सोनाळ्यात शेषरावांचं बी-बियाण्याचं दुकान कुणाला ठाऊक नव्हतं? खाली दुकान, वर घर. आणि हा त्यांचा मुलगा, भागवत. प्रेरणा जवळच्याच खेड्यातली. वहाबचाचांच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात तिला दोन वर्षं झाली होती, पण कुणाच्या घरी जायची वेळ आज पहिल्यांदाच आली होती.

बैठकीत भिंतभर टीव्ही, त्याखाली काळा कॉम्प्युटर. सेट टॉप बॉक्सची वायर कॉम्प्युटरमधल्या टीव्ही कार्डात गेलेली. चालू सामना मधेच थांबवून वडिलांना निवांत जेवता यावं, म्हणून पुण्याला शिकून आलेल्या भागवतनं ही सगळी जोडणी केली होती.

“सिनेमा लावला तर मस्त चालते,” तो सांगू लागला. “फक्त लाइव्हच अटकते. आवाज पुढं, चित्र मागं. बाबायले गडी आउट झाल्याचं आधी ऐकू येते, मंग दिसते.”

प्रेरणानं बॉक्सची वायर थेट टीव्हीला लावून पाहिली. चित्र स्वच्छ. म्हणजे दोष कॉम्प्युटरच्याच पोटात. तिनं डिस्क उघडली आणि मान हलवली.

“हे पाहा. लाइव्ह म्हनता ना, थेही आधी डिस्कवर लिहिल्या जाते, मंग दिसते. इथं तर तीळ ठेवाले जागा नाई. सारे जुने सामने... पुसू?”

“बाबा ओरडतीन हो.” त्यानं डोकं खाजवलं. “असं करा. जिंकलेले ठेवा, हारलेले पुसा.”

“मंग तर बक्कळ जागा होईन.”

तो मोकळेपणी हसला. आतून गीताबाईंनी, त्याच्या आईनं, चहा पाठवला. तो थंड झाला तरी दोघांच्या लक्षात आलं नाही.

आठ दिवसांनी पुन्हा फोन. मग पुन्हा. तिसऱ्या वेळी श्रावणातली भुरभुर चालू होती. ओढणीवरचे थेंब झटकून प्रेरणानं कॉम्प्युटरची बाजू उघडली. कार्डातली वायर अर्धी निघालेली.

“हे आपोआप निंघत नाई.”

“उंदीर असन.”

“उंदरानं झाकन लावून स्क्रूही पिळला? तोही तिरका?”

भागवतच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. “मंग तुले बोलवाचं कसं...? तूच सांग.”

‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं, ते तिला नंतर आठवेना. ती वायर नीट बसवत राहिली.

त्यानंतर टीव्ही बिघडवायची गरज उरली नाही. संध्याकाळी ती गावाकडच्या एसटीची वाट पाहत थांब्यावर उभी राही, आणि हा मोटारसायकल दूर लावून भाजक्या फल्लीदाण्याच्या दोन पुड्या घेऊन येई. एसटी उशिरा आली की दोघांनाही बरं वाटे. “आमचे बाबा कास्तकार, तुमचे दुकानदार. जमन?” ती विचारी. “जमवू,” तो म्हणे.

दसरा झाला आणि प्रेरणाच्या वडिलांनी, रंगरावांनी, शेतात एक हिरवं बोंड फोडलं. आत गुलाबी अळी वळवळत होती. दुसरं फोडलं, तिसरं फोडलं... साऱ्या बोंडांत तेच. बीटीच्या कपाशीला बोंडअळी लागत नाही, या भरवशावर साऱ्या गावानं तेच बियाणं लावलं होतं.

प्रेरणानं ते बोंड भागवतच्या हातावर ठेवलं. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं.

“बीटीच्या थैलीत साध्या कपाशीची एक लहान पुडी येते,” शेवटी तो म्हणाला. “थे धुऱ्यानं, कडेकडेनं पेरा लागते. तवा अळी बीटीले सरावत नाई. पन जागा अडते म्हनून गिऱ्हाईक कुरकुर करते... अन् आमीच सांगत आलो, फेकून द्या. किती वरसं. तुह्या बाबालेही मीच म्हनलो होतो.”

“मंग आता?”

“पंचनाम्याले शेतकीचे साहेब येतीन, तवा सांगीन. खरं थे सांगीन, प्रेरणा.” त्यानं तिचा हात धरला. त्या संध्याकाळी तिनं मुद्दामच एक एसटी जाऊ दिली.

पंचनाम्याआधीच जिल्ह्याच्या केबल वाहिनीनं बोंडअळीवर थेट चर्चा ठेवली. दुकानदारांच्या बाजूनं शिकलेला म्हणून भागवतला बोलावलं. नेमका त्याच दिवशी दुपारी गीताबाईंचा चाचांच्या दुकानात फोन. “पोरगा टीव्हीवर दिसनार, अन् यालेच आज अटकाचं होतं! ये वं माय लवकर.”

या वेळी बिघाड खरा होता. शेषरावांनी पुन्हा डिस्क भरून टाकली होती. प्रेरणानं जागा केली, कार्यक्रम लावला. चित्र लख्ख, आवाज चित्राच्या जोडीनं. निळ्या शर्टातला भागवत समोर आला. गीताबाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं. ‘आता सांगन...’ ती पुढं सरकून बसली.

“आम्ही प्रत्येक शेतकऱ्याला ती पुडी पेरायला सांगतो,” भागवत म्हणाला. शुद्ध, पुण्याची भाषा. “शेतकरी ती फेकून देतात. त्याला दुकानदार काय करणार?”

कुठंही अडकलं नाही. शब्दन् शब्द स्वच्छ ऐकू आला.

“शाबास,” शेषराव म्हणाले. प्रेरणानं पिशवी उचलली.

दुसऱ्या दिवशी थांब्यावर तो आला, तो आनंदातच. “रविवारी बाबा तुह्या घरी येऊन राह्यले. मागनी घालाले!”

ती एसटीच्या वाटेकडं पाहू लागली.

“थे टीव्हीवरचं... त्यायची अटच होती. मी दुकानाच्या बाजूनं बोललो तरच थे तुह्या घरची पायरी चढनार. तुह्यासाठीच केलं मी.”

“माह्यासाठी? मले इचारलं होतं?”

“तू नाई म्हनली असती.”

“हाव. नाईच म्हनली असती.”

“लायसन गेलं असतं, प्रेरणा... दुकान बसलं असतं. मंग आपन काय केलं असतं?”

एसटी आली. दांडी धरून ती पायरीवर चढली, आणि मागं वळली. डोळे भरले होते, आवाज मात्र कोरडा होता. “तुमच्या बाबायले म्हना, येऊ नका.”

‘तुमच्या’ ऐकून तो जागच्या जागी उभा राहिला.

घरी रंगराव ओसरीवर बसले होते. “पोरगा बराबर बोलला,” ते हळूच म्हणाले. “चूक माहीच. पुडी म्याच फेकली.”

“फेकाले त्यानंच सांगतलं होतं ना, बाबा?”

“त्यानं म्हनलं असन. हात तर माहा होता.”

त्या घरात बापाची मान अशी खाली तिनं कधी पाहिली नव्हती.

पंचनाम्याच्या दिवशी वावरात निम्मं गाव जमलं. शेषरावही आले होते, भागवत नव्हता. साहेबांनी विचारलं, “साध्या कपाशीची पुडी पेरली होती का?” रंगराव “नाई” म्हणणार, तेवढ्यात प्रेरणा पुढं झाली.

“यायच्या दुकानातूनच फेकाले सांगतलं, साहेब. साऱ्या गावाले.”

“खोटं!” शेषराव ओरडले.

“तुम्हाला कसं माहीत?” साहेबांनी तिला विचारलं. “कोणी सांगितलं?”

“भागवतनं. सोता.”

“आणि त्यानं ते तुम्हाला का सांगावं? तुमचा त्याचा काय संबंध?”

कपाशीत उभ्या बायका एकमेकींकडं पाहू लागल्या. रंगरावांनी चमकून लेकीकडं मान वळवली. प्रेरणानं साहेबांकडंच पाहिलं.

“आमी लगन करनार होतो.”

साहेबांचं पेन थांबलं.

“लिहा ना, साहेब,” ती म्हणाली. “थेही लिहा.”