गोजरबाईची टाच

डोणगावजवळच्या खाणीवर आम्ही चौसष्ट साली राहायला आलो. खनिज धुतल्यावर उरणारा राखाडी गाळ साठवायला माझे यजमान, वामनराव, मातीचा बांध आखत होते. कोकिळा पाळण्यात निजली की मी त्यांचे नकाशे शाईनं गिरवायची. बांधाच्या खालच्या अंगाला मजुरांची पालं आणि आमचं बिऱ्हाड. त्यामुळे रेघ ओढताना हात आपोआप जपून चाले.

मातीचा एक थर टाकायचा, पाणी शिंपायचं, धुम्मसानं ठोकायचा, मग वर दुसरा. ठोकणाऱ्या बायांत गोजरबाई पुढे. तिच्या उजव्या पायाला करंगळी नव्हती. थर ठोकून झाला की अनवाणी टाच रोवून ती तो तपासायची.

एकदा दक्षिणेच्या कोपऱ्यात ती थबकली.

"साहेब, इथं खाली पोकळ हाय."

"पहार मारून पाहिली मी. पक्कं आहे."

"पहारीले काय समजते? तिचे लेकरं झोपतात का खाली?"

हे हसले, पण खणलं. चार हातांवर बुजवलेली जुनी विहीर निघाली. यांनी तिथल्या तिथे नकाशा फाडला. मला दोघांचंही भारी कौतुक वाटलं.

सुट्टी झाली की गोजरबाई माझ्या सात महिन्यांच्या कोकिळेला बगलेत धरून बांधावर टेकवायची. "दाब वं पोरी, टाचेनं दाब!"

वैशाखात ती तापानं गेली. पाच थर बाकी होते, मृग तोंडावर. तिच्यासारखा हात दुसरीला नव्हता.

मग एके दिवशी, आदल्या संध्याकाळी टाकलेला भुसभुशीत थर सकाळी ठोकलेला दिसला. यांनी पहार मारली. बोटभरच गेली.

थरावर अनवाणी पावलं होती. उजव्याला चार बोटं.

"इचारू नका साहेब," मुकादम सहदेव म्हणाला. "वरचा थर टाकू द्या."

पाच रात्री, पाच थर. बांधावर चढताना हे चपला खाली काढून ठेवू लागले.

तीन पावसाळे झाले. बांध पाझरलेला नाही.

शेवटच्या थराच्या सकाळचं मात्र मी यांनाही सांगितलं नाही.

त्या मोठ्या पावलांशेजारी इवली पावलं होती. टाचेकडे खोल.

मी धावत घरी आले. कोकिळा पाळण्यात गाढ झोपलेली. तिला अजून धड उभंही राहता येत नव्हतं.

दुपटं बाजूला केलं.

टाचांची माती ओली होती.